मुंबई महाग आहे ती थांबायला

(सेमाडोह येथे बचत गटांच्या बाया आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या बायांनो, आधी आत या. खाली सतरंजीवर जागा आहे.

आजचा विषय मी ठरवलेला नाही, तुमच्या गटांनी ठरवला. मागच्या बैठकीत असा प्रश्न आला होता की, कोणा बाईला मुंबईला जायचं असलं तर गटाच्या पैशातून तिला मदत द्यायची की नाही. त्या दिवशी बरीच खडाजंगी झाली. एक म्हणाली, "मुंबई म्हणजे पैसेवाल्याचं गाव, तिथं आपला पैसा किती पुरन?" दुसरी म्हणाली, "दवाखान्याले द्या, पाहाले नोका देऊ." तिसरीने विचारलं, "मोर्चाले गेली तं कोणत्या खात्यात मांडसान?" हे तिन्ही प्रश्न मी वहीत लिहून ठेवले. आज त्यावरच बोलायचं आहे.

आधी हे पाहू की इथून मुंबईला कोण जातं. पुरुष जातात ते कामाला, पक्षाच्या सभेला, कोणाच्या तरी गाडीत बसून. बाया जातात त्या अडल्यावर. गाठ निघाली, रक्तस्राव थांबत नाही, अमरावतीच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. किंवा वनहक्काचा, रेशनचा, पाण्याचा अर्ज खाली कुठेच हलत नाही म्हणून मंत्रालयावर मोर्चा. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरची याचिका दीड दशकाहून जास्त काळ मुंबई उच्च न्यायालयात चालली. आपल्या कुशीतली लेकरं का दगावतात याची चर्चा आपल्यापासून सात-आठशे किलोमीटरवर होते. तेव्हा मुंबई आपल्याशी संबंध नसलेलं गाव आहे, असं म्हणता येत नाही.

आता उलटं पाहा. मुंबई-पुण्याचे लोक सेमाडोहला येतात. हे जंगल व्याघ्र प्रकल्पात १९७४ पासून आहे. पाहुण्यांसाठी सिपना नदीजवळ वनविभागाचं पर्यटन संकुल आहे. राहायला खोल्या, एकत्र झोपायला डॉर्मिटरी, जंगलाची माहिती देणारं केंद्र, ठिकठिकाणी पाट्या. तुमच्यापैकी काहीजणींनी अशा ठिकाणी झाडलोट केली आहे, भाकरी थापली आहे. परक्या माणसाला इथे पाय ठेवल्याबरोबर कळतं की कुठे झोपायचं, कुठे आंघोळ करायची, कोणाला विचारायचं. त्यांच्या गावी आपण गेलो की आपल्यासाठी अशी पाटी कुठे असते? असते, पण ती शोधावी लागते. आजचं निम्मं बोलणं त्या पाट्यांबद्दल आहे.

पहिली गोष्ट. मुंबईला जाणं महाग नाही. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. इथून परतवाडा, परतवाड्याहून अमरावती. अमरावतीहून मुंबईची रात्रीची गाडी मिळते, बडनेऱ्याहून आणखी गाड्या मिळतात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण. २०२० साली रेल्वेने म्हाताऱ्या माणसांची सवलत बंद केली, रुग्णांची ठेवली. मात्र ती आपोआप मिळत नाही. रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला खिडकीवर दाखवावा लागतो. कितीतरी बाया पूर्ण तिकीट काढून जाऊन येतात, कारण हा कागद मागायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मुंबईत पोचल्यावर फिरणंही महाग नाही. लोकलचं सगळ्यात कमी तिकीट पाच रुपये. बेस्ट बसचं मे २०२५ मध्ये पाचचं दहा झालं, तरी आपल्याकडच्या काळीपिवळीपेक्षा ते जास्त नाही. वडापाव खाऊन दिवस काढता येतो. काढू नये, पण काढता येतो. मग महाग काय आहे?

मुंबईत थांबणं महाग आहे. बसणं, पाठ टेकणं, लघवीला जाणं, आंघोळ करणं, ओलं लुगडं वाळत घालणं, या सगळ्याला तिथे पैसे पडतात. चालत्या माणसाला मुंबई पाच रुपयांत इकडून तिकडे नेते. जो थांबला त्याच्याकडून पैसे घेते. आणि बाईचं काम नेमकं थांबण्याचं असतं. आजाऱ्याजवळ थांबणं, रांगेत थांबणं, साहेब येईपर्यंत थांबणं.

एका बाईचं सांगते. नाव सांगत नाही, गावही नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. उपचार सरकारी योजनेत बसला, तेव्हा घरचे म्हणाले, चला, फुकट होते. या आजारात शेक द्यावा लागतो, म्हणजे रेडिएशन. तो आठवड्यातून पाच दिवस, असा साधारण पाच आठवडे. दर वेळी मशीनखाली काही मिनिटंच. त्यासाठी दवाखान्यात दाखल करून घेत नाहीत, घेण्याची गरजही नसते. मुंबईची बाई शेक घेऊन घरी जाते आणि भात टाकते. आपल्या बाईने कुठे जायचं? रोजच्या काही मिनिटांसाठी तिला सव्वा महिना मुंबईत काढायचा होता, सोबत एक माणूस घेऊन. उपचाराला पैसा लागला नाही. लागला तो उरलेल्या तेवीस तासांना. नवऱ्याने दोन आठवड्यांनी तिला परत आणलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्याजवळचे पैसे संपले होते. अर्धवट शेकाचा उपयोग होत नाही हे त्याला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. तिला कळत होतं.

ती आज नाही. म्हणून "दवाखान्याले द्या" एवढ्याने भागत नाही. दवाखान्यात लागणारा पैसा आणि दवाखान्याबाहेर लागणारा पैसा वेगळे मांडायला शिकलं पाहिजे. पहिल्याला कुठली ना कुठली योजना सापडते. दुसऱ्यासाठी आपल्यालाच उभं राहावं लागतं.

त्यातही पहिला प्रश्न हा विचारायचा की, मुंबईच का? नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, इतरही दवाखाने आहेत. तिथे होण्यासारखं असेल तर मुंबई कशाला? डॉक्टरला हे विचारायला घाबरायचं नाही. पण काही आजारांत मुंबई गाठावीच लागते. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, देशभरातली माणसं तिथे येतात. परळच्या फुटपाथवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून महिना-महिना राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पाऊस आला की फायली छातीशी धरून बसतात. अंगावरची चादर भिजली तरी चालेल, फाईल भिजता कामा नये.

आता झोपायच्या जागेचं. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाने हे कोडं फार आधी ओळखलं होतं. शेंडगावचा डेबूजी, आपले गाडगेबाबा. जन्म १८७६चा, गेले २० डिसेंबर १९५६ला, वलगावजवळ. हातात खराटा घेतलेला बाबा सगळ्यांना माहीत आहे, धर्मशाळा बांधणारा बाबा कमी जणांना माहीत असतो. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे.जे. रुग्णालयात येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठीही केली. देवाला जाणारा गरीब आणि दवाखान्यात जाणारा गरीब, दोघांना रात्र एकसारखीच काढावी लागते, हे त्यांना दिसलं. स्वतः मात्र झोपडीत राहिले. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. वांद्र्याला टाटा रुग्णालयाचंच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचं घर आहे. आणखीही आहेत.

पण धर्मशाळेच्या दारात जाऊन उभं राहिलं की जागा मिळते असं नाही. तिथे रांग असते. रुग्णालयाचं पत्र लागतं, आधार कार्ड लागतं, केसपेपर लागतो. ते पत्र कोण देतं? मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो. माझ्यासारख्याच, समाजकार्य शिकलेल्या मुली तिथे काम करतात. गेल्याबरोबर, पहिल्याच दिवशी, डॉक्टरची वेळ यायच्या आधी त्या खोलीत जायचं. "आम्ही अमरावती जिल्ह्यातून आलो, राहायची सोय नाही," एवढं वाक्य बोलायचं. लाजायचं नाही, रडायचंही नाही. ते त्यांचं काम आहे, ती मेहेरबानी नव्हे. पहिल्या दिवशी सांगितलं तर चार दिवसांनी जागा मिळेल. आपल्या बाया दहाव्या दिवशी सांगतात, पैसे संपल्यावर. कारण घरून निघताना त्यांना बजावलेलं असतं, कोणापुढे हात पसरू नको.

लॉजबद्दल एकच सांगते. दोघी बायांना घेऊन मी एका लॉजवर गेले होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "जेन्ट्स कोण आहे सोबत?" मी माझं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटंपालटं करून परत दिलं आणि खोली नाही म्हणाला. आमच्या मागून आलेल्या दोघा पुरुषांना त्याने चावी दिली. म्हणजे बाईकडे पैसे असले तरी तिचे पैसे चालत नाहीत, हाही अनुभव गाठीशी ठेवा.

आणि पुरुषांचं पाहा. गावातला कार्यकर्ता मुंबईला गेला की आमदार निवासातल्या कोणाच्या तरी खोलीत सतरंजी टाकून झोपतो. दहा माणसं एका खोलीत. सकाळी तिथेच आंघोळ, खाली चहा. त्याला मुंबई फुकट पडते. मग गावात येऊन सांगतो, "मुंबईत काही खर्च येत नाही, ओळख पाहिजे." खरं आहे, ओळख पाहिजे. पण त्या ओळखीच्या खोलीत रात्री दहा पुरुषांमध्ये आपली बाई झोपू शकत नाही. तेव्हा त्याचा हिशेब आपल्या कामाचा नाही.

आता जरा लाजेचा विषय. हसा, पण ऐका.

आमच्या गटातल्या एका लिहिता न येणाऱ्या बाईला मी सांगितलं होतं की, मुंबईत प्रत्येक खर्च वहीत टिपून ठेव. तिने चित्रं काढली. जेवणाला भाकरी, गाडीला चाक, औषधाला बाटली, आणि संडास-लघवीला लोटा. महिन्याने वही पाहिली तर लोट्यांची चित्रं भाकरीच्या चित्रांपेक्षा जास्त होती. भाकरी दिवसातून दोनदा, लोटा चार-पाचदा. एका वेळचे पाच रुपये धरा. दिवसाचे वीस-पंचवीस, महिन्याचे सहा-सातशे. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे दोन दिवसांची मजुरी नुसती मुतण्यात गेली. शब्द वाईट वाटला तर माफ करा, पण दुसरा शब्द वापरला की हे दुखणं लहान वाटायला लागतं.

पुरुषाला हा खर्च नसतो. त्याच्या मुतारीला पैसे घेत नाहीत. बाईने म्हटलं, मला नुसतं लघवीलाच जायचं आहे, तर बाहेर बसलेला माणूस म्हणतो, "आत काय करता ते आम्हाला काय माहीत?" याच प्रश्नावर मुंबईत २०११ साली 'कोरो' आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम उभी केली. वस्त्यांमधल्या बायाच त्यात पुढे होत्या. त्यांनी मुताऱ्या मोजल्या, कुठे किती पैसे घेतात ते लिहून काढलं, महापालिकेला जाब विचारला. त्या वेळी पुष्कळ लोक हसले होते. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभी करणं हे महापालिकांचं काम आहे असं बजावलं. एका मासिकाने हे केलं, आपल्यासारख्याच वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बायांनी. निकाल कागदावर आहे. पाच रुपये मागणारा माणूस अजून खुर्चीवर आहे.

हा विषय मी एवढा का ताणते? कारण पैसे वाचवायला आपली बाई पाणीच पीत नाही. सकाळी अर्धा पेला चहा, मग रात्रीपर्यंत कोरडी. गाडीत, रांगेत, मोर्चात. आणि गर्भाशयाच्या शेकाच्या वेळी बहुतेक ठिकाणी सांगतात की पाणी पिऊन या, लघवीची पिशवी भरलेली हवी. एकीकडे बाहेरच्या माणसाच्या धाकाने पाणी तोडायची सवय, दुसरीकडे डॉक्टर म्हणतो भरपूर पी. शेकामुळे पुढे लघवीला आग होते, जुलाब होतात. अशा बाईला दर अर्ध्या तासाला पाच रुपये काढायला लावणं म्हणजे तिचा उपचार मोडणं आहे. म्हणून मी म्हणते, गटाने मदत देताना या खर्चाचं नाव घेऊन मदत द्यावी. "लोट्याचे पैसे" असंच लिहा वहीत. नाव नसलेला खर्च बाई स्वतःच्या पोटातून काढते.

मोर्चाचं थोडं बोलते. आझाद मैदानात आपण गेलो की पहिली मागणी सरकारकडे काय आहे ते बाजूला ठेवा. आधी एकीला पाठवून पाणी आणि संडास कुठे आहे ते पाहून घ्या आणि सगळ्यांना सांगा. मंत्रालयात सामान्य माणसाला दुपारनंतर प्रवेश मिळतो. २०२५ पासून मोबाइलवर नोंदणीची भानगडही आली आहे, तेव्हा फोनवर हे करता येणारी एक मुलगी सोबत असू द्या. सकाळी सहाला उतरलेल्या बायांना दुपारपर्यंतचे आठ तास काढायचे असतात. ते कुठे काढायचे? हातात तिकीट असेल तर स्टेशनवरच्या बायांच्या प्रतीक्षालयात बसता येतं. सामान ठेवायला मोठ्या स्टेशनवर क्लोकरूम असते, पण तिथे कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. आपलं गाठोडं परत करतात. चेनची पिशवी आणि एक छोटं कुलूप, एवढं सोबत ठेवलं की दिवसभर ओझं वाहायला लागत नाही. पाठ मोकळी असलेली बाई मोर्चात घोषणाही मोठ्याने देते.

मुंबईत बिनपैशाने राहायचं कसं, हे ज्यांना खरं येतं त्या बाया आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत. दर ६ डिसेंबरला अमरावती-अकोल्याकडून बौद्ध वस्त्यांमधल्या बाया चैत्यभूमीला जातात. १९५६ नंतर पिढ्यान् पिढ्या जात आल्या. त्यांना विचारा. तीन दिवसांच्या भाकरी, तिळाची चटणी, ठेचा, एक सतरंजी, एक चादर. शिवाजी पार्कवर महापालिका मांडव घालते, पाणी आणि फिरते संडास ठेवते, ठिकठिकाणी संघटना जेवण वाढतात. खर्च म्हणून त्या एकच करतात, पुस्तकं घेतात. मजुरीच्या पैशातून पोरांसाठी पुस्तकं. महागड्या शहरात गरीब माणूस कसा मानाने उतरतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्या एकट्या जात नाहीत, रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि आपण कोणाच्या दारी आलो असं त्यांना वाटत नाही. आपल्या गटांत आदिवासी बाया आहेत, गवळी आहेत, बौद्ध आहेत. पण अशा कामाची विचारपूस आपण एकमेकींकडे करत नाही. ते बरं नव्हे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईला चालत गेला होता. त्यात आदिवासी बाया मोठ्या संख्येने होत्या. तळपाय सोललेले. दहावीच्या पोरांची परीक्षा बिघडू नये म्हणून ते शेवटचं अंतर रात्रीतून चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. तेव्हा मुंबईच्या लोकांनी रस्त्यात पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. तीही मुंबई आहे. पण ती एका रात्रीची होती, तिच्या भरवशावर सव्वा महिन्याचा शेक घेता येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर मुंबई हे मुळात खानावळीवर वाढलेलं गाव. गिरणीत राबणाऱ्या, बायको गावी ठेवून आलेल्या पुरुषांना कोणी जेवू घातलं? गिरणगावातल्या बायांनी, दहा बाय दहाच्या खोलीत. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं. आज त्या गिरण्या नाहीत, तिथे काचेचे मनोरे आहेत. १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती, ती केंद्रंही केव्हाच बंद झाली. तरी पोळीभाजी विकणाऱ्या बाया अजून आहेत. हॉटेलात जाऊ नका, त्यांच्याकडून घ्या. पैसा बाईकडून बाईकडे गेला तर बरंच. पीठ, मीठ-मिरची, तुरीची डाळ सोबत नेली आणि धर्मशाळेत चूल मिळाली, तर अर्धा खर्च तिथेच वाचतो.

आता सोबतिणीचा मुद्दा. आजारी बाईबरोबर कोण जातं? नवरा गेला तर त्याची मजुरी बुडते, हे सगळं गाव बोलतं. बहीण गेली, सून गेली, तर तिची मजुरी बुडते हे कोणी बोलत नाही. जणू ती इथे बसूनच होती. रोजगार हमीच्या त्याच ३१२ रुपयांनी पाच आठवड्यांच्या कामाच्या दिवसांचा हिशेब करा. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी नऊ हजारांच्या वर जातो. शिवाय तिच्या मागे घरची भाकरी, पाणी, गुरं कोणाच्या अंगावर पडतात? घरातल्या पोरीच्या. ती पोरगी शाळेतून सुटते. मुंबईच्या खर्चात ही पोरगीही धरली पाहिजे. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, तेव्हा कोणी म्हणतील की आता बायांकडे पैसा आहे. तो पैसा खात्यातून काढायला कोण जातं आणि काढल्यावर कोणाच्या खिशात जातो, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

गटासाठी माझं म्हणणं असं आहे. कर्ज म्हणून देऊ नका. आजारपणातून उठलेल्या बाईच्या डोक्यावर व्याज नको. दर महिन्याला प्रत्येकीने वेगळे दहा रुपये काढा, त्याची वेगळी वही ठेवा. त्यातून आधी सोबतिणीची मजुरी द्यायची. हे ऐकून काहीजणी चमकल्या, मला दिसलं. आजाऱ्याला सोडून सोबतिणीला आधी? हो. आजारी बाई मधेच परत येते ती बहुतेक वेळा सोबतीण परत निघते म्हणून. आणि सोबत दोघी ठरवून ठेवा, पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने. एकीच्या संसाराचे पाच आठवडे मागण्यापेक्षा दोघींच्या संसाराचे थोडे थोडे दिवस मागणं जमण्यासारखं आहे.

आता राहिलं ते "पाहाले नोका देऊ."

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी पुरुषाच्या तोंडून आलेलं बाई पुढे सरकवते. मोर्चाला निघालेल्या एका बाईला नवरा म्हणाला, "मुंबई पाहाले चालली का?" ती म्हणाली, "डोळे घरी ठेवून जाऊ का मंग?" मला तिचं उत्तर आवडलं. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की, बाई रस्त्यावर असली तर तिला सतत काहीतरी काम आहे असं दाखवावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई. नुसतं उभं राहण्याचा, विनाकारण हिंडण्याचा हक्क तिला कोणी देत नाही. त्या मुंबईच्या शिकलेल्या बायांबद्दल बोलत होत्या. आपल्याला तो हक्क इथे पारावरसुद्धा नाही.

आणि गंमत पाहा, मुंबईत जे पाहायचं त्याला पैसे पडत नाहीत. बोरीबंदरची इमारत बाहेरून पाहायला तिकीट नाही. मरीन ड्राइव्हचा कट्टा मैलभराहून लांब, त्यावर बसायला कोणी हटकत नाही. गिरगावची चौपाटी मोकळी. मुंबईत फुकट बसता येईल अशा थोड्या जागा आहेत, त्यातली सगळ्यात मोठी समुद्राकाठी आहे. शनिवार-रविवारी शेक नसतो. त्या दोन दिवसांत बाई धर्मशाळेच्या पायरीवर बसून भिंत पाहते. तिला चौपाटीवर न्या. दोघींचा जाण्यायेण्याचा खर्च वीस-चाळीस रुपये. तोही गटाच्या वहीत मांडा, उघडपणे, "समुद्र पाहिला" असं लिहून. औषधाच्या खात्यात दडवू नका.

टॅक्सी करू नका, पाखरं दाखवून फोटो काढणाऱ्यांच्या नादी लागू नका, भरतीच्या वेळी पाण्यात जाऊ नका. एवढं पुरे.

तर आता वही काढा. पुढच्या महिन्यात वरच्या पाड्यातल्या एका बाईला तपासणीला जायचं आहे. रेल्वेच्या सवलतीचा दाखला तिच्याकडे आहे, पत्रही मी लिहून देते. सोबतीला पहिले पंधरा दिवस कोण जाणार आणि तिच्या मागे तिच्या दोन शेळ्या कोण पाहणार, ही दोन नावं मला उठण्याच्या आधी हवी आहेत. पाच वाजता धारणीची गाडी आहे, काहीजणींना ती धरायची आहे. तेव्हा आधी शेळ्यांचं ठरवू.